मालकाचा पहिला पेला

नवऱ्याच्या ओठाला लागलेला पेला मी फटका मारून खाली पाडला. सात रस्त्यावर फुटाण्यांचा वास आला की अजून तेच आठवतं. मी तिथल्या दारूच्या गुत्त्याच्या दारात फुटाणे विकायची. नवं मडकं उघडलं की पहिला पेला मालकानं सगळ्यांसमोर प्यायचा, अशी तिथली रीत. त्या दुपारी तो नुसता वाटतच सुटला.

"मालक, पैला पेला तुमी का न्हाई घेतला?" मी दारातून विचारलं.

"उपास हाय की."

मघाशीच त्यानं माझे फुटाणे खाल्ले होते. मी आत शिरले आणि पेला पाडला.

धाकटा दीर हसला. "दादा, वैनीला घरात कोंड की," म्हणाला आणि त्यानं आपला पेला रिकामा केला.

गुत्त्यातल्यांपैकी नवरा, मालक आणि मी, एवढेच जगलो.