ग्रिगेरियस जावई आणि दोन ट्रॉल्या शेणखत

आमच्या घरातली सर्वांत घातक वस्तू म्हणजे माझी एम.ए. इंग्रजीची पदवी.

सेलूला माझा थोरला भाऊ, दादा, वांगी पिकवतो आणि मी त्याला अर्थ पुरवतो. फवारणीच्या बाटलीपासून बँकेच्या पत्रापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे पुतणीसाठी, प्रांजलीसाठी, वर्ध्याच्या स्थळाचा बायोडाटा आला, तोही दादा घेऊन आला. मुलगा प्रांजलीला फोटोतच पसंत होता (मोबाईलवर मोठा करकरून पाहत होती, मी पाहिलंय!). अडलं होतं ते ‘स्वभाव’ या रकान्यापाशी. तिथं एकच शब्द होता: ग्रिगेरियस.

“हे काय होय बे?”

मला ठाऊक नव्हतं. पण एम.ए. झालेला माणूस असं कबूल करत नसतो. “थांब, मुळापासून पाहतो,” म्हणत मी मोबाईल उघडला. शब्द निघाला लॅटिन! मूळ ‘ग्रेक्स’, म्हणजे कळप.

“दादा, कळप! गुरांचा, मेंढरांचा!” मी ओरडलो आणि वाचतच सुटलो. ‘सेग्रिगेट’ म्हणजे कळपातून वेगळं काढणं. ‘ॲग्रिगेट’ म्हणजे कळपात आणून सोडणं. म्हणजे मार्कलिस्टवरचा माझा तो काठावरचा ॲग्रिगेटसुद्धा ढोरांच्याच घराण्यातला! असा मी रोमच्या कुरणात चरत असताना शब्दाचा आजचा अर्थ वाचायचा राहिला, आणि दादा वहिनीला बातमी द्यायला केव्हा उठून गेला तेही कळलं नाही.

रविवारी पाहुणे आले. प्रांजली पोहे देऊन बसली. दादानं मुलाच्या वडिलांजवळ खुर्ची सरकवली.

“ढोरं किती हायेत तुमच्याकडे?”

“ढोरं? आम्ही फ्लॅटात राह्यतो जी!”

“लपवता काऊन? चांगलीच गोष्ट हाय. मले फक्त दोन ट्रॉल्या शेणखत पाह्यजे, वांग्याले.”

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. “अवो, मुलीवालेच मागून राह्यले! अन् तेही शेण?”

“बायोडाट्यात लिवलं हाय नं! आमच्या भावानं मुळापासून काढलं.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. प्रांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाईल काढला आणि उरलेली ओळ मोठ्यानं वाचली: माणसांत रमणारा.

मग मुलगाच खो खो हसत सुटला. “काका, तुम्ही खालपर्यंत वाचत जा जी!” त्याला पाहून प्रांजलीला हसू फुटलं, आणि लग्न तिथंच जमलं.

आठवड्यानं याद्या झाल्या. देण्याघेण्याच्या कागदावर वरपक्षानं एकच अट घातली: मुलीच्या काकांनी लग्नात कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगू नये.

आणि खाली आमच्याकडून सही करायला, घरातला सर्वांत शिकलेला माणूस म्हणून, मलाच पुढे केलं!