आठ पाउंडांचा बॉल

तलासरीत मला ओळखणारे पुष्कळ, बोलणारं कोणी नाही. तहसील कचेरीत नोकरी असली की लोक नमस्कार करतात, दाखल्याचं विचारतात आणि आपापल्या वाटेला लागतात. नवरा डहाणू रोडला रेल्वेत होता. तो गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि मी मुलीला घेऊन नोकरीच्या गावी, दोन खोल्यांत राहायला आले. तेव्हापासून कचेरी सुटल्यावर माझ्याशी बोलणारं माणूस एकच, आणि ते आता सहावीत गेलं होतं.

या माणसाला बोलिंगचं वेड लागलं. क्रिकेटमधलं नव्हे. चकचकीत लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळवत सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या, ते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला वापीच्या मॉलमध्ये गेली आणि तिथेच अडकली. मग दर रविवारी हायवेवर उभं राहून वापीची गाडी पकडणं माझ्या नशिबी आलं. मी कुरकुर करायची, पण खरं सांगते, आठवड्यातला तेवढाच दिवस मला आवडायचा.

तिथले सर गुजराती. वर्षभरानं म्हणाले, "बेन, आता हिला स्वतःचा बॉल घ्या." बोटांची मापं घेऊन त्यात भोकं पाडायची होती. प्रश्न वजनाचा होता. आठ पाउंडांचा मनगटाला सोपा, पण हलका बॉल पिनांवर आपटला की बाजूला सरकतो आणि कोपऱ्यातल्या पिना उभ्याच राहतात. दहाचा सरळ आत घुसतो. "मनगट वाकत नसेल तर दहाचा घ्या," सर म्हणाले. "भोकं पुढे मोठी करून देईन, वजन नाही वाढवता येत." मग सहज बोलल्यासारखं सांगितलं की दिवाळीनंतर चांगल्या खेळणाऱ्या दोन मुलींना मुंबईला बोलिंग शिकायला पाठवणार आहेत. राहणं तिकडेच, शाळाही तिकडेच.

मी तिला दोन्ही बॉल टाकायला लावले. दहाचा टाकताना तिचं मनगट जराही वाकलं नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आमच्याकडे मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घेतात. तिचा गणवेश चार बोटं दुमडलेला, बुटांच्या टोकात कापूस, रेनकोट घोट्यापर्यंत. आणि त्या दिवशी मी म्हणाले, "आठचाच द्या सर. लहान आहे अजून, हात दुखेल." सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो, दहाचा जड वाटतो," ती म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाज वाटायला घर यावं लागलं.

दिवाळीनंतर दुसऱ्या दोघी गेल्या. हिच्या कोपऱ्यातल्या पिना उभ्या राहत होत्या, त्याला सर तरी काय करणार? ती रडली नाही, रुसली नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. ती रोज समोर बसून जेवत होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तीन आठवडे कसेबसे काढले. मग एका रविवारी परतताना, गाडीतच, सांगून टाकलं. "दहाचा तुला झेपत होता. मी मुद्दाम आठचा घेतला. तू जाशील म्हणून."

"माहीत होतं मला."

"मग जड वाटतो का म्हणालीस?"

"मी गेले तर तू एकटी काय करशील, आई? तुला शेजारच्या काकूंशीपण बोलता येत नाही."

मी दटावलं तिला, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. भीड वाटून नव्हे, मी शिष्टपणानंच कोणाच्या दारात जात नव्हते, हे तिला कसं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी कचेरीतूनच सरांना फोन केला, दहाचा बनवायला घ्या म्हणून. पुढच्या दिवाळीला बघू, सर म्हणाले. घरी येताना शेजारच्या काकूंच्या दाराशी थांबले. शेवटी विचारलं, "तुम्ही दळण कुठे देता?" तिथे राहून मला चार वर्षं झाली होती आणि गिरणी कोपऱ्यावरच होती.

काकूंनी ती दाखवली नाही. "आवो, बसा ना," म्हणाल्या, "चा टाकते."

मुलगी आमच्या दारातून बघत होती. मी चप्पल काढून आत बसले, तेव्हा कुठे ती दारातून हलली.