शाली-गुण्याचो खडप

मालवणच्या किनाऱ्यावर हौसेखातर मासे पकडायला जाणाऱ्यांसाठी आजकाल बरंच काही लिहिलेलं वाचतो. कुठली चरखी, कुठलं आमिष, उतरायचं कुठे. मी गेलो तो १९६०च्या डिसेंबरात, आणि मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर माझ्या बायकोनेच सांगितली नव्हती.

लग्नाला आठ महिने झाले होते. ते मुंबईतच, शालूच्या काकांच्या घरी लागलं, त्यामुळे सासुरवाडी मी पाहिलेली नव्हती. मी मूळचा नाशिकचा. गोदावरीत गळ टाकत वाढलो आणि नोकरीला मुंबईत आल्यावर दर रविवारी वरळीच्या खडकांवर जाऊन बसू लागलो. लग्नानंतर शालूही यायची. शेजारी बसून डबा उघडायची, आणि मी तिला गळ कसा बांधायचा, झटका कसा ओळखायचा ते समजावून सांगायचो. ती म्हणायची, "हो का?" आठ महिने ती "हो का?" म्हणत होती, हे ध्यानात ठेवा.

तिचं माहेर सर्जेकोटचं, मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. समुद्र दाराशी आहे म्हटल्यावर मी सासुरवाडीचं आमंत्रण मिळायची वाट पाहिली नाही. रजा टाकली, क्रॉफर्ड मार्केटातून नवी वेताची काठी आणि पितळी चरखी घेतली. शालू म्हणाली, "काठी कशाला?" मी म्हटलं, "कळेल."

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची. डेकचं तिकीट काढलंत तर आधी घुसून सतरंजी अंथरायची, एवढंच कौशल्य. ते आम्हाला साधलं नाही आणि धुराड्याच्या उबेत, कुणाच्या तरी फणसाच्या रोपांना टेकून प्रवास झाला. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि माणसं हेलकावणाऱ्या पडावात उतरायची. शालू साडी सावरून टुणकन उतरली. मला दोघांनी धरून उतरवलं, काठी तिसऱ्याने घेतली. आता तुम्ही कुडाळ स्टेशनावरून तासाभरात पोचता, कोळंबच्या खाडीवर पूलही आहे. तेव्हा पूल नव्हता आणि जिल्हाही रत्नागिरीच होता. खाडी होडीने ओलांडायची.

होडीवाला म्हातारा शालूला बघून वल्हं सोडून उभाच राहिला.

"शाली गो! कधी इलंस? आणि ह्यो तुझो घोव?" मग माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "गरवूक इले वाटता. मगे व्हरतलंस मां तेका शाली-गुण्याच्या खडपार?"

गरवणे म्हणजे गरीने मासे धरणे, गरी म्हणजे गळ, एवढं मला कळलं. खडप म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्रातला कातळ, हेही अंदाजाने कळलं. घोव, म्हणजे नवरा, मीच, आणि शालीही माझीच. प्रश्न उरला तो गुण्याचा.

"गुण्या कोण?" मी होडीतून उतरल्या उतरल्या विचारलं.

"आहे एक. शेजारचा," शालू म्हणाली आणि भराभर पुढे चालू लागली.

राहण्याचा खर्च: एक सासुरवाडी. जेवणाचा खर्च: पोट. पहिल्याच दिवशी तांबोसा या तांबड्या माशाचं झणझणीत तिखलं, गरम भात आणि सोलकढी. अशा जेवणावर माणसाने खूश असायला हवं. मी मात्र सासऱ्यांच्या तोंडून त्या खडपाची गोष्ट ऐकत होतो. सासरे मालवाहू गलबतांवरचे निवृत्त तांडेल, आवाज समुद्रापलीकडे जाईल असा.

"आमच्याकडे खडपांक नाव असाच पडता. खडप ज्याका धरता, त्याचा नाव. म्हातारी कालवां काढूक गेली नि भरतेन अडाकली, तो म्हातारेचो खडप. ही दोघां धा वर्सांची असतली. भलो गोबरो लागलो होतो गरीक. कपारीत शिरलो. दोरी सोडूक तयार नाय! भोवती पाणी भरला तरी सोडीनत. शेवटी मी होडी घेवन गेलंय. दोघांनी एकच दोरी धरल्यानी होती."

सगळं घर हसलं. मीही हसलो, पण पोटात दुखलं. माझ्या बायकोच्या नावाला दुसऱ्या पुरुषाचं नाव जोडून अख्खा गाव पंधरा वर्षं बोलत होता, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. निदान कुणाला तरी वाटायला हवं होतं.

गुणाजी दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी आला. मी त्याला काळा, बुटका, दात पुढे आलेला असा कल्पून ठेवला होता. तसं काही नव्हतं. काथ्याचा आणि नारळाचा चांगला चाललेला धंदा, पांढरा सदरा, आणि लग्न अजून नाही. तो शालूशी मालवणीत काहीतरी बोलला, ती फटकन उलट बोलली आणि दोघं खदखदून हसली. आठ महिन्यांत ती माझ्याशी अशी हसली नव्हती. माझ्याशी बोलायची ती "अहो" करून, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत. या भाषेतली शालू मला भेटलेलीच नव्हती. त्याला ती जन्मापासून फुकट मिळालेली होती. मला फार राग आला.

ओहोटीला खडपापर्यंत चालत जाता येतं. मधली घळ तेवढी जपून. (शेवाळ फार, चपला काढूनच जा. मी काढल्या नव्हत्या.) शालूने कासोटा मारला आणि ती त्या कातळांवरून अंगणातून जावं तशी गेली. वर पोचल्यावर गुणाजीने नारळ काढला. इथे नव्या माणसाने समुद्रात हात घालण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतात.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शालू ओरडली.

"आज तुझी लेक शाली आपल्या घोवाक घेवन हय इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खडपार तिचो जो काय वाटो आसा, तो आता तेचो. तेच्या गरीक मासो लागांदे. पाय घसारलो तर सांभाळून घे, म्हाराजा!"

दोघंही माझ्याकडे बघत होती. माझ्याच पाय घसरण्याला मी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

मग शालूने करवंटीवर गुंडाळलेली दोरी काढली, सुंगट, म्हणजे कोळंबी, गरीला लावली आणि काठीबिठी काही नसताना हाताने भिरकावली. बोटावर दोरी, डोळे दुसरीकडेच. माझी चरखी नीट बसायच्या आत तिने हातभर तांबोसा वर घेतला. गुणाजीने एक घेतला. तिने आणखी एक. मला लागला केंड. हा मासा वर काढला की रागाने फुगून चेंडू होतो, खाण्याच्या कामाचा नाही. मी आणि तो एकमेकांकडे बघत राहिलो.

"पावण्यांनू, वायच खाली सोडा," गुणाजी म्हणाला, "थंयसर कपार आसा."

मी मुद्दाम वर ठेवली. दुसरा केंड लागला. काठी वरळीला उत्तम चालायची, हा खडकच विचित्र आहे, असं मी म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडे, हे शालूच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुला हे सगळं येतं, हे कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही शिकवत होतात," ती म्हणाली. "मध्येच कसं बोलायचं?"

पुढले दिवस असेच गेले. सकाळी घावणे, मग खडप, मग माझा केंड. एक दिवस बदल म्हणून मालवणात गेलो, खाजा घेतला, सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन आलो. किल्ला बघाच, खाजाही घ्या. पण किल्ल्याच्या तटावरूनही मी उत्तरेला तो खडप दिसतो का तेच बघत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी गुणाजीला धंद्याच्या कामाने मालवणात जावं लागलं. मी आणि शालू दोघंच गेलो. केवढा आनंद झाला मला! पण मासा काही लागेना. ऊन चढलं, पाणी फिरलं.

"चला आता," शालू म्हणाली. "घळ भरेल."

"थोडं थांब."

"अहो, भरती लागली आहे."

"गुणा असता तर थांबली असतीस ना?"

बोललो मी. इतके दिवस पोटात होतं ते तोंडावाटे आलं. शालूने माझ्याकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यांना मिठी घालून ती कातळावर बसली.

"थांबते," म्हणाली.

त्यानंतर तिने ना दोरी हातात घेतली, ना चकार शब्द काढला. मी हट्टाने बसून राहिलो. आणि गाऱ्हाणं ऐकणाऱ्याने ऐकलंच शेवटी, कारण काठी वाकली. चरखी कुरकुरली, हात भरून आले, आणि एक तांबोसा, फार मोठा नव्हे पण खराखुरा, माझ्या पायाशी येऊन आपटला. मी ओरडून वळलो. शालूच्या मागे घळ नव्हतीच. चारी बाजूंनी पाणी होतं आणि किनाऱ्यावर माणसं जमू लागली होती.

होडी घेऊन आला तो अर्थात गुणाजी. मालवणाहून परतताना कुणीतरी सांगितलं होतं. त्याने होडी खडपाला लावली, शालूकडे बघितलं आणि म्हणाला, "परत तांच गो?"

पंधरा वर्षांनी पुन्हा तेच. ती हसली. एवढा वेळ माझ्याशी न बोललेली माझी बायको तेव्हा हसली. वाचवायला आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, नाहीतर मी पाठवला असता.

किनाऱ्याला लागल्यावर माझ्या हातातला मासा गुणाजीने वर धरून सगळ्यांना दाखवला. "खडपान आज जावयाक धरल्यान! आजपासून ह्यो जावयाचो खडप! काय?"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

सुंठीवाचून खोकला गेला. मी न मागता त्याने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं होतं. त्या रात्री माझा तांबोसा पानात आला आणि मी तीनदा भात घेतला. सकाळी खाडीवरचा होडीवालाही म्हणाला, "जावयाच्या खडपार बरो मासो गावलो म्हणे!" बोटीवर मी डेकवरच्या लोकांना बोलावून बोलावून सांगितलं.

गिरगावातल्या खोलीत पोचलो तर शेजारचे नाना दारातच उभे. त्यांनाही सांगितलं, की तिथे आता माझ्या नावाचा खडक आहे.

शालू खाली बसून सुक्या बांगड्यांची पुरचुंडी सोडत होती. नाना गेल्यावर, मान वर न करता म्हणाली, "दहा वर्षांची असताना दोघं अडकलो, तर दोघांची नावं लागली. परवाही दोघंच अडकलो होतो ना?"

 गुण्याचं नाव गेल्याच्या आनंदात तिचं कधी गेलं, ते मी बघितलंच नव्हतं. आणि तिने माझ्याशी मालवणीत बोलावं याची वाट मी त्यानंतर कितीतरी वर्षं बघितली.

गुणाजी आता नाही. त्याचा हेवा मात्र अजून वाटतो, कारण खडप सोडला त्याने, आणि शालू त्याच्याविषयी वाईट बोलेल असं काही त्याने आयुष्यभर केलं नाही. ती आतल्या खोलीत पेपर वाचते आहे. हे लिहिलेलं तिला दाखवलेलं नाही.

तेव्हा सर्जेकोटला गेलात तर डिसेंबरात जा, ओहोटी बघून निघा, चपला काढा, गरी खाली कपारीपर्यंत सोडा. वाट विचाराल तर लोक जावयाचा खडप दाखवतील, कारण आता तेच नाव चालतं. तुम्ही मात्र "शालीचो खडप खंय?" असं विचारा. कुणाला कळणार नाही. तरी विचारा.