स्वल्प काम

नवऱ्याला बंगलोरला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली, म्हणून मी पुणं सोडलं. नव्वदच्या दशकात अशा आलेल्या मराठी बायका आमच्या बनशंकरी भागात बऱ्याच होत्या. मी मात्र घरी बसणाऱ्यातली नव्हे, हे मी कुणी न विचारताच सांगत असे. अर्थशास्त्रात एम.ए. होते, एका संशोधन संस्थेत काम मिळालं. सरकारी दवाखान्यांना किती माणसं लागतात, याचा अभ्यास तिथे चालला होता. प्रश्न सरळ होता. वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रावर दोन नर्स हव्यात, की एकीवर भागतं?

नर्सना भेटून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. आमचे सर दिल्लीचे, त्यांना कन्नडचा गंध नव्हता. मला जेमतेम येत होतं, पण मिजास केवढी! कन्नडमध्ये संस्कृत शब्द ऐकू आला की मला वाटायचं, हा तर आपल्याच घरचा, याला कशाला डिक्शनरी?

शहराच्या टोकाला पीण्या नावाचा कारखान्यांचा भाग आहे, त्याच्या मागे एक केंद्र होतं. तिथली मोठी सिस्टर पन्नाशीची, मंड्या जिल्ह्याकडची, कमी बोलणारी. धाकटी सिस्टर तिच्या हाताखाली. मी गेले त्या दिवशी मोठी खुशीत होती. तिच्या एकुलत्या एका मुलीला दिवस गेले होते. मुलगी दूर हासन गावी, डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलेलं. मग हीच महिनाभर रजा टाकून तिकडे जाणार होती. ‘इतक्या बायकांची बाळंतपणं केली मेडम,’ ती म्हणाली, ‘आता एक घरचं.’ तेवढे दिवस केंद्र धाकटी बघणार होती. सगळं ठरलेलं होतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: नेमून दिलेल्या कामाशिवाय आणखी काय काय करावं लागतं आणि ते किती? ती म्हणाली, ‘स्वल्प.’ काय काय, ते मी विचारलंच नाही. स्वल्पविरामातलं स्वल्प मला शाळेपासून ठाऊक होतं. मी ऐटीत इंग्रजीत लिहिलं: ‘निग्लिजिबल’, म्हणजे नगण्य. पुढच्या केंद्रावरही तेच उत्तर, त्याच्या पुढेही तेच. सगळीकडे नगण्य! रकाना कसा एकसारखा भरला म्हणून सरांनी माझं कौतुकही केलं.

अहवाल छपाईला जायच्या आठवड्यात मी घरमालकीणबाईंना बाजारात चलता का म्हणून विचारायला खाली गेले. त्या मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. ‘स्वल्प काम आहे गं, तू हो पुढे,’ अक्का आतूनच म्हणाल्या. मी डोकावले तर घरभर पसारा. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, पन्नास पानं उठायची, आणि बाई एकट्या नारळ खवत बसलेल्या.

‘अक्का, हे स्वल्प?’

‘मग काय म्हणू? फार आहे म्हणू?’ त्या हसल्या. ‘इथे असं म्हणत नाहीत बाई. रडकं दिसतं. डोक्यावरून पाणी गेलं तरी स्वल्पच म्हणायचं.’

आणि मी सगळ्या फॉर्मांवर नगण्य लिहून बसले होते! बाजार राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी मी पीण्याला गेले आणि त्याच सिस्टरला विचारलं, सकाळपासून काय काय केलंत? लशीचा डबा बसने आणला, केंद्र झाडलं, पाणी भरलं, अडलेल्या बाईला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात पोचवलं, तीन वह्यांत तेच तेच उतरवलं. हे सगळं ती अगदी निर्विकारपणे सांगत होती.

मी तडक सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, एका शब्दासाठी सगळे फॉर्म पुन्हा भरायचे? पुढच्या आठवड्यात पैसे देणारी मंडळी येणार. शिवाय आता नर्सना हेतू कळलाय, त्या फुगवूनच सांगतील. रिक्षावाल्याशी मीटरवरून हातघाईला येणारी मी! तिथे मात्र तोंडाला कुलूप. ‘बरं सर,’ मी म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. नोकरी टिकवायची होती, दुसरं काय? अहवाल छापला गेला. कागद गुळगुळीत होता.

चार-पाच महिन्यांनी वरून हुकूम निघाला. छोट्या केंद्रांवर एकच नर्स, आधार आमचा अहवाल. मी दोन आठवडे टाळलं, तिसऱ्या आठवड्यात पीण्याला गेले. लसीकरणाचा वार होता. बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत, आत मोठी सिस्टर एकटीच. धाकटीची बदली बोम्मसंद्र्याला झाली होती.

‘हासनला गेला नाहीत?’ मी विचारलं.

‘कशी जाऊ? बदलीला माणूस नाही, रजा नाही.’ ती सुईकडे बघत म्हणाली. ‘सोमवारी मुलगी झाली. समोरच्या बूथवर फोन आला होता. त्रास फार झाला म्हणे. रात्रभर आईला हाका मारत होती.’

मला अतिशय लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं. तो शब्द, तो रकाना, सर. तिने हातातलं काम थांबवलं.

‘छापायच्या आधी कळलं होतं?’

‘हो.’

‘आणि गप्प बसलीस?’

आजवर ती मला अहो-जाहो करत होती. आज पहिल्यांदाच एकेरीवर आली. मी मान हलवली. मला वाटलं, आता बोलेल, चार शब्द सुनावेल, निदान हाकलून तरी देईल. तिने नवी सुई घेतली. पुढची बाई आत आली, तिचं बाळ आधीच किंचाळत होतं, पाय झाडत होतं.

‘उभी काय राहिलीस,’ सिस्टर मला म्हणाली, ‘पाय धर.’

रांग संपेपर्यंत मी एकेका बाळाचे पाय धरत होते. ती सुई टोचत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.