कुंदाताईंचं बिनदुधाचं आईस्क्रीम

"दूध चालते काय?"

दुकानात पाऊल टाकलं की कुंदाताईंचा हा पहिला प्रश्न. 'या, बसा' नाही, 'काय देऊ' नाही. वारज्यातल्या त्यांच्या चिमुकल्या आईस्क्रीमच्या दुकानात एकदा एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, आईस्क्रीम खायला आलोय, रक्त तपासायला नाही!" कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "हाव जी. पण ज्याले चालत नाही तो लाजून सांगत नाही ना. म्हणून मीच विचारते."

त्या मूळच्या यवतमाळच्या. मुलगा आयटीत लागला, त्याच्यामागोमाग साठीला टेकल्यावर पुण्यात आल्या. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि फ्लॅटमध्ये भिंती बघत बसणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. नारळाच्या आणि काजूच्या दुधात आईस्क्रीम करायला कुठं शिकल्या, देव जाणे! निम्मे प्रकार दुधाचे, निम्मे बिनदुधाचे. हुरडा काय, चिंचगूळ काय! "शेंगदाण्याचं आईस्क्रीम? आज एकादशी आहे का?" मी पुणेरी टोमणा मारलाच. "खाऊन पाहा, मंग हसा," त्या म्हणाल्या. खाल्लं. हसायचं राहूनच गेलं, दुसरा कप मागितला.

माझ्या मिहिरला दुधाचा थेंबही चालत नसे. एकदा शेजारी चमचाभर खीर खाल्ली आणि पोराला श्वास घेता येईना, थेट दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून कुणाकडे जायचं म्हणजे मी दारातच माफी मागायची, आणि हे सहा वर्षांचं पोर कुणी काही देण्याआधीच "मला नको" म्हणायचं.

हे सांगितलं, तर कुंदाताईंनी लगेच कप पुढे केला नाही. मलाच आत नेलं. बिनदुधाचं मशीन वेगळं, पळ्या वेगळ्या, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. "मी म्हणते म्हणून लेकराले देऊ नका. आपल्या डोळ्यानं पाहा, मंगच द्या." त्या दिवशी मिहिरनं जन्मात पहिल्यांदा आईस्क्रीम खाल्लं. चिकूचं. तोंडात कमी, शर्टावर जास्त. मी तिथंच उभ्या उभ्या रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी कुंदाताई गेल्या. लोक अजून त्यांच्या हुरड्याच्या आईस्क्रीमची आठवण काढतात. मला आठवतो तो मिहिरचा सातवा वाढदिवस.

मोठा डबा सांगून ठेवला होता. सोसायटीतली पोरं खाली जमलेली, आणि कुंदाताई आल्या त्या रिकाम्या हातानं.

"बाई, आईस्क्रीम फेकलं मी. कामावरच्या नव्या बाईनं दुधाची पळी त्यात घातली असंन."

"असेल? म्हणजे तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही पायलं. पण पळी जागेवर नव्हती."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग ऐन वेळी मी या पोरांना काय देऊ? त्या बाईला काही अक्कल?"

"तिले नका बोलू. तिले शिकवणं माझं काम होतं. मले बोला."

आणि मी बोलले! नको नको ते बोलले. वीज गेली, मशीन बिघडलं, काहीही सांगता आलं असतं त्यांना, आणि मी विश्वासही ठेवला असता.

मिहिर दारात उभा राहून सगळं ऐकत होता. आता हा भोकाड पसरणार, असं मला वाटलं. तो कुंदाताईंच्या जवळ गेला.

"सगळं फेकलं? माझ्यासाठी?"

"हाव रे बाप्पा. तुझ्याचसाठी."

पोरगं गर्रकन वळलं आणि जिन्यावरून ओरडत खाली धावलं, "ए, ऐका रे! आजीनं माझ्यासाठी अख्खा डबाभर आईस्क्रीम फेकून दिलं!"