कॅझ डुडेकचा उजवा पाय

कॅझ डुडेकने गाडी आणली त्या दिवशी आमची अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. एवढं कौतुक वायनडॉट या आमच्या कामगारवस्तीच्या गावात एरवी फक्त नवऱ्या मुलीच्या वाट्याला येतं. दोन दारांची, गर्द निळी, लांबलचक नाकाची गाडी, आणि त्या नाकाखाली गल्लीतल्या कुठल्याही दोन गाड्यांना मिळून नसेल एवढी ताकद. एकोणसत्तर सालचं मॉडेल. त्या साली कॅझ कारखान्यात अशाच गाड्यांना दारं बसवत होता. समोरून सरकत जाणाऱ्या निळ्या गाडीला तो मनात म्हणायचा, थांब, एक दिवस तुला घरी नेतो. पुढे तीन मुली झाल्या, आणि तीन मुलींचा बाप दोन दारांची गाडी घेत नाही. जन्मभर त्याने किराणा आणि दप्तरं वाहणारी लांबडी गाडी चालवली. आता निवृत्त होऊन, मुलींची लग्नं उरकून, त्याने टोलेडोच्या एका माणसाकडून ही आणली होती.

उतरताना तो हसत होता. एका हाताने त्याने दार घट्ट धरून ठेवलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

झालं होतं असं. वाटेत एका सिग्नलला दिवा हिरवा झाला, कॅझने हौसेने अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला, गाडी उसळली. घाबरून त्याने पाय उचलला, तरी गाडी पळतच राहिली. क्षणभरच. मग पुढे कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि ती मुकाट्याने ताळ्यावर आली. पाय उचलला होता, असं कॅझला वाटत होतं. पण खरंच उचलला होता का? मेख होती ती इथे. साखरेच्या दुखण्याने त्याच्या उजव्या पायाची बोटं बधिर झाली होती. सकाळी सपाता घातल्यात की नाही हे त्याला खाली बघून कळायचं. तेव्हा बेइमान कोण, गाडी की पाय, हे ठरवायचं कसं? गाडी असेल तर दुरुस्त होईल. पाय असेल तर परवाना जाणार, गाडी जाणार, आणि मग बापासारखं खिडकीशी खुर्ची टाकून लोकांच्या गाड्या बघत बसायचं. त्याने तोंडाला कुलूप घातलं.

आमच्याकडे अंगणात गाडीचं बॉनेट वर गेलं की ते घराचं दार उघडल्यासारखंच. न बोलावता माणसं जमतात, हातात बिअरचे डबे. सगळे कारखान्यातून निवृत्त झालेले. एकाने जन्मभर काचा बसवल्या, दुसऱ्याने नुसते बोल्ट आवळले, पण इंजिनाची नाडी बघायला प्रत्येक जण वैद्य. अशा गल्लीत गाडी गॅरेजमध्ये नेणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. सगळ्यांत पुढे शेजारचा लिरॉय टॅकेट. तरुणपणी केंटकीच्या डोंगरातून पोटासाठी आलेला, आणि कॅझसोबत एकाच पाळीत म्हातारा झालेला.

कॅझने त्याला आडून आडून सांगून पाहिलं, की गाडी कधीकधी जरा जास्तच उत्साह दाखवते. लिरॉय हसत सुटला. "म्हाताऱ्या, तुझा पाय जड आहे. जन्मभर किराणा वाहिलास, आता घोड्यावर बसलास, तर घोडा पळणारच."

पाय जड आहे. कॅझ त्याच्याबरोबर हसला, आणि रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग ट्यूनिंगचा सपाटा सुरू झाला. कार्ब्युरेटर सोडवून पेट्रोलात धुतला, प्लग नवे घातले, लुकलुकणारा दिवा धरून ठिणगी पडण्याचं टायमिंग थोडं पुढे घेतलं. प्रत्येक वेळी परीक्षा एकच. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि लिरॉय बॉनेटखाली वाकून अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हातानेच ओढून इंजिन गरगरवणार. ते असं गायचं की कुंपणाशी उभी असलेली माणसं डोळे मिटून माना डोलवायची. उभी असताना गाडीने कधी आगळीक केली नाही. दात दाखवायची ती फक्त रस्त्यावर, कॅझ एकटा असताना. नदीकाठच्या ओसाड रस्त्यावर तो भर दुपारी तिला न्यायचा, दाबायचा, सोडायचा, आणि ओठांत मेरीमातेची प्रार्थना म्हणायचा. सुरुवातीला गाडी नुसती दचकवून सोडायची. पण ट्यूनिंग जमत गेलं तसा तो पिसाट क्षण लांबत गेला. आता अर्धी प्रार्थना म्हणून व्हायची तरी ती पळतच असायची. घरी आला की कॅझचा सदरा पाठीला चिकटलेला असे. उन्हाने, असं तो बर्नीसला सांगे.

बर्नीस त्याची बायको. कारखान्यात सीटांची कव्हरं शिवून तिची बोटं वाकली होती. बोलणं कमी, आणि बोललं की ते शेवटचं. ऑगस्टात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्यासाठी तिने निळा रुमाल आणून ठेवला होता. ऊन फार असतं, पेट्रोलचा वास येतो, तुझी कंबर धरेल, असं कॅझने तिला नाना परींनी सांगून पाहिलं. खरं कारण तेवढं जिभेवर येईना. ते सांगायचं तर पायाचं सांगावं लागणार होतं.

"मी येणार आहे," बर्नीस म्हणाली, आणि विषय मिटला.

मिरवणुकीच्या दिवशी फुटपाथवर खुर्च्या मांडून गावच्या गाव बसलं होतं. गाड्या गोगलगाईच्या चालीने सरकत होत्या, तोवर सगळं ठीक होतं. चर्चच्या वळणावर मात्र पुढची गाडी लांब गेली, समोर मोकळा रस्ता उघडला, आणि लोकांनी हात हलवून ओरडायला सुरुवात केली, की दाखव, आवाज दाखव. त्यांत लिरॉय सगळ्यांत मोठ्याने. अशा वेळी आमच्याकडचा माणूस अंथरुणाला खिळलेला असला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. कॅझने दाबला.

गाडी सुटली. त्याने पाय उचलला. गाडी पळतच होती. समोर चर्चचा खाण्याचा मांडव, मांडवाबाहेर पिएरोगीच्या गरम करंज्यांसाठी उभी असलेली रांग, रांगेत कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कॅझने खाली पाहिलं. त्याचा बूट हवेत होता. अ‍ॅक्सिलरेटरपासून वीतभर वर, आणि अ‍ॅक्सिलरेटर आपोआप तळाला गेलेला. पाय नाही, गाडी! त्या भयातही त्याला एक निमिष आनंद झाला, त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. त्याने ब्रेकवर सगळा भार टाकला, ब्रेक दगडासारखा लागला. किल्ली फिरवली. इंजिन मेलं, स्टीअरिंग जड झालं, आणि चाकं किंचाळत गाडी मांडवाचा दोर ताणून थांबली. पुढे तेच ते, धप्प.

रांगेतली माणसं कधीच बाजूला पांगली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं.

"बर्नीस," कॅझ म्हणाला, "मला या गाडीची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून."

बर्नीसचे दोन्ही हात अजून समोरच्या फळीला चिकटलेले होते. "माहीत आहे. झोपेत ब्रेक दाबतोस तू. माझ्या पोटरीवर वळ आहेत."

"मग बसलीस कशाला?"

"नाहीतर तू एकटा बसला असतास."

गाडीने नाही, पायाने नाही, आपल्या मिटल्या तोंडाने आपण हिला मारायला निघालो होतो, हे कॅझला तेव्हा कळलं, आणि तो रस्त्यात, सगळ्यांदेखत रडला.

लिरॉय धावत आला. कॅझने त्याला सगळं सांगितलं, बधिर बोटांसकट. लिरॉय पहिल्यांदाच हसला नाही. त्याने बॉनेट उघडलं आणि कॅझला म्हणाला, इंजिन सुरू कर, ब्रेक दाबून ठेव, गिअरमध्ये टाक, आणि हळूच रेस दे. हे आजवर कोणी केलं नव्हतं, कारण गिअरमध्ये असलेल्या गाडीत डोकं कोण घालणार? कॅझने रेस दिली, आणि उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तशी इंजिनाची डावी बाजू वर आली. कॅझने घाबरून इंजिनच बंद केलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, ते डावीकडचं मधोमध फाटलं होतं. जोर आला की इंजिन उचलायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी स्वतःच ओढायचं. जोर ओसरला की धप्पकन खाली.

"आम्ही हिला जितकी तगडी केली," लिरॉय हळूच म्हणाला, "तितकी ती तुझ्या जिवावर उठत गेली."

त्याने दोन्ही बाजूंना नवी माउंटिंग बसवली, वर इंजिन गाडीच्या सांगाड्याला साखळीने बांधलं, शर्यतवाले बांधतात तसं. मग कॅझच्याच अंगणात उभं राहून गल्लीने निर्वाळा दिला, की आता गाडी देवळासारखी निर्धोक.

कॅझ स्टीअरिंगमागे बसला. किल्ली लावली, पण हात ती फिरवायला तयार होईना. गाडीचं दुखणं गेलं होतं, त्याचं नव्हतं. बर्नीसने त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "सरक."

तो सरकला. ती बसली, आरसा नीट केला, आणि गाडी नदीकडे काढली. पहिल्याच वळणावर कॅझने सीटची कड घट्ट धरली.

"भीती वाटतेय," तो म्हणाला.

"बोलत राहा."

"आता तर फारच वाटतेय."

"मग आणखी बोल," बर्नीस रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू गप्प झालास की मला भीती वाटते."