गळलेली ओळ

आमची वहिनी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नोकरीला होती. दिवसभर रुग्णांचे कागद लावायचे आणि घरी आली की कॉम्प्युटरच्या मासिकासाठी लेख लिहायला बसायचं, हा तिचा दिनक्रम. लेख प्रोग्रॅम कसा लिहावा याचे असत. शेवटी अख्खा प्रोग्रॅम ओळीन् ओळ छापलेला असे आणि वाचक तो मासिकात बघून आपापल्या कॉम्प्युटरवर टाइप करत. दादा म्हणायचा, "हिला नवऱ्यापेक्षा संपादक जवळचा." वहिनी मान वर करूनसुद्धा बघायची नाही.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि वहिनीला नेमकं तेच हवं होतं. लेख पाकिटात घालण्याआधी ती कागद माझ्यासमोर ठेवायची आणि स्वतः मागे पलंगावर बसायची. मी बघून टाइप करायचं, तिने तोंड उघडायचं नाही. मी जिथे अडेन तिथे ती पेन्सिलीने खूण करायची. "तुझ्या हातून चालला की कुणाच्याही हातून चालेल," असं म्हणायची. हे कौतुक की अपमान, ते तिने मला कधीच सांगितलं नाही. पण तिचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालतो असं वाचक पत्रांतून कळवायचे, आणि ती पत्रं ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवायची. घरात तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

त्या खेपेचा प्रोग्रॅम फाइलींच्या जुन्या प्रती शोधून पुसून टाकणारा होता. चांगली सहा पानं. मासिकाचे रकाने अरुंद, म्हणून वहिनी छापलेले कागद कात्रीने कापायची आणि पट्ट्या डिंकाने चिकटवून पानं तयार करायची. त्या दिवशी तिला सुट्टी असून कामावर बोलावलं. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत टाइप करून बघ. पाकीट आजच गेलं पाहिजे."

मी तेव्हा नोकरीसाठी अर्जांवर अर्ज करत होते आणि राग कायम नाकावर. दीड पान टाइप केलं आणि डोकं उठलं. वहिनीचा मूळ प्रोग्रॅम तिच्या डिस्कवर होताच. तोच उतरवून घेतला आणि चालवला. झकास चालला. न चालायला काय झालं होतं?

वहिनी आली ती पायातल्या चपलांसकट आत. "चालला?"

"चालला."

ती तशीच पाकीट घेऊन पोस्टात गेली.

तीन आठवड्यांनी संपादकांचं पत्र आलं. लेख पुढच्याच अंकात घेतला होता, आणि पहिल्या पानावर त्याचा उल्लेख येणार होता. वहिनीने पत्र मला वाचून दाखवलं. "तुझ्यामुळे गं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी पाठवलेल्या पानांची घरी ठेवलेली झेरॉक्स प्रत बाहेर काढली आणि सहाच्या सहा पानं टाइप केली. मनाची समजूत पटावी, एवढंच. प्रोग्रॅम चालवला. त्याने जुन्या प्रती पुसल्या आणि नव्याही पुसल्या. माझे बावीस अर्ज गेले, फोल्डर रिकामं. चौथ्या पानावर दोन पट्ट्यांच्या मधली एक ओळ गळली होती. फाइल ही जुनी प्रत नसेल तर तिला हात लावू नकोस, असं सांगणारी तीच ती ओळ. डिस्कवर होती, कागदावर नव्हती.

अर्जांचं एक वेळ सोडा. कुठेतरी कुणीतरी अंक उघडून, वहिनीवर विश्वास ठेवून, अक्षर अन् अक्षर टाइप करणार आणि त्याचं वर्षभराचं काम पुसलं जाणार. वहिनीला मग कोण दारात उभं करणार?

संध्याकाळी सांगायचं ठरवलं, तर ती दमून आली होती. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी दादा घरी होता, त्याच्यासमोर कसं सांगायचं? चालढकल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मात्र त्या तीन दिवसांत फोन वाजला की मीच आधी धावत जाऊन उचलायचे.

चौथ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली असताना मी पान पुढे केलं. "वहिनी, इथे एक ओळ गळलीय."

तिने पाहिलं. चेहरा उतरला. "मग त्या दिवशी चालला कसा?"

माझी नजर तिच्या डिस्ककडे गेली.

"तू टाइप केलाच नव्हतास," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "हे लक्षात कधी आलं?"

"आत्ताच. सहज चाळत होते."

दुसरं खोटं तोंडातून कसं गेलं, मला आजही सांगता येत नाही.

वहिनीने फोन लावला. संपादकांचा आवाज मोठा, दारापर्यंत ऐकू येत होता. "अहो, बाकीच्यांचे प्रोग्रॅम आम्ही इथे चालवून बघतो. तुमचे बघतच नाही. परवा कळवलं असतंत तर पान बदललं असतं. काल छापून झालं."

वहिनी स्टुलावर बसली. "मलाच आत्ता कळलं हो," म्हणाली.

प्रत्येक अंकात एक चिठ्ठी घालायचं ठरलं. मजकूर वहिनी सांगणार, ते लिहून घेणार. "लेखिकेच्या हलगर्जीपणामुळे चौथ्या पानावरची एक ओळ सुटली आहे. ती घातल्याशिवाय प्रोग्रॅम चालवू नये." मग गळलेली ओळ सांगितली. पलीकडून आता हळू आवाजात काहीतरी सुचवलं गेलं असावं. "नाही, छपाईची चूक लिहू नका. माझीच आहे. आणि खाली एवढं घाला, की चूक लक्षात आल्याबरोबर लेखिकेने त्याच क्षणी कळवलं आहे. निदान तेवढं तरी वाचकांना कळू दे."

पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. तिने ते वाक्य पुन्हा एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मी दारात उभी होते, आणि मी तिला सांगू दिलं.